थोरली तोटी

"मुलगा डिस्पॅचला आहे," असं ऐकल्यावर माझ्या सासऱ्यांना वाटलं, पोस्टात आहे. फार चुकले नाहीत. फक्त शिरोली एमआयडीसीतलं माझं पाकीट दोन-अडीचशे किलोचं असतं.

परवा ३०० मिलिमीटरचे दोन स्लूस वॉल, म्हणजे मोठ्या पाइपलाइनीतलं पाणी अडवायच्या झडपा, नागपूरला धाडायचे होते. (व्हॉल्व्ह पुस्तकात. गावात पाणी सोडतो तो वॉलमनच.)

बिलासाठी आधी याची जात ठरवायची, म्हणजे एचएसएन कोड, जीएसटीसाठी मालाला दिलेला नंबर. अकाउंटचा नवा पोरगा म्हणाला, "बिडाचं ओतीव आहे, ७३२५ टाकू." अरे, त्यात गटाराची झाकणं येतात. "पाइपला जोडतात, मग ७३०७?" ते बेंड आणि टीचं. याच्या पोटात पाणी अडवणारं दार वर-खाली होतं, म्हणून ८४८१. त्यानं यादी उघडली : नळ, तोट्या, वॉल... "काका, मोरीतल्या तोटीचा आणि ह्याचा नंबर एकच?" एकच. घराणं तेच, हा भाऊ तालमीत गेला एवढंच.

मग पॅकिंग. दार बंद केलं, हँडव्हील काढून वेगळं बांधलं, फ्लँजच्या (पाइपला जोडायच्या कड्यांच्या) तोंडांना प्लायवूडच्या चकत्या बोल्टनं आवळल्या, बुडाला लाकडी चौकट. (माल परदेशी निघाला तर त्या लाकडाला, आतल्या किडीपायी, ५६ अंशांचा ताप अर्धा तास द्यावा लागतो. लोखंडाची विचारपूस कुणी करत नाही.) शेवटी काचेच्या पेल्याचं स्टिकर लावलं, तसे हमालमामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"सायेब, ह्यो फुटतोय व्हय?"

फुटतो, मामा. बीड आहे ते. अंगानं पैलवान, पण टेम्पोतून आपटला की फ्लँजचा टवका गेलाच. मामांनी मान डोलावली आणि हायड्रा क्रेनचा पट्टा थेट दार उचलणाऱ्या स्पिंडलला अडकवला, मास्तरांनी पोराचा कान धरावा तसा. माझ्या बोंबेनं शेजारच्या शेडमधला ग्राइंडर थांबला. पट्टा पोटाखालून गेला.

ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यानं न्यायचा सरकारी कागद, चालतं दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे नागपूरला पाच. ट्रान्सपोर्टच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "माल?"

"वॉल."

"नग?"

"दोन."

त्यानं लिहिलेली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, न वाचताच खिशात घातली. तिथंच चुकलं.

चौथ्या दिवशी नागपूरच्या साइटवरून फोन. "भाऊ, आमचे वॉल कुठं आहेत?"

"तुमच्या गोदामात."

"नाही ना जी! गोदामवाला म्हणते, कोल्हापूरहून दोन दीवार आल्या."

बिल्टी काढली. डब्ल्यू, ए, डबल एल.

"आणि भाऊ, त्या दीवारीवर काचेचा पेला कायले चिकटवला?"