सनबोर्ड, डबल टेप आणि नवतपा

नागपुरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘काचेत फोटो गुदमरतो, बुरशी धरतो. फ्रेम-काच सोडा. फोटो लॅमिनेट करा, 5 एमएमच्या सनबोर्डवर चिकटवा आणि मागे डबल टेप लावून भिंतीवर दाबा. रंग 50 वर्षं उडत नाही. परदेशातल्या म्यूझियममध्येही असंच लावतात. घरातले जुने फोटोही असेच करून घ्या.’

बिनकाचेच्या फोटोला माझा विरोध नाही. ताडोब्याचा वाघ तीन फुटांवर छापून त्यावर साधी काच लावली, की अर्धा वाघ आणि अर्धी ट्यूबलाइट दिसते. हरकत आहे ती मेसेजमधल्या कारणांना, आणि त्याच्या शेवटच्या वाक्याला तर सगळ्यात जास्त.

बुरशी काचेमुळे लागत नाही, ओलाव्यामुळे लागते. स्टुडिओ लॅबमध्ये छापलेल्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो मऊ पडतो, आणि काच थेट टेकलेली असेल तर तिला चिकटून बसतो. त्यावरचा उपाय नागपूरच्या बर्डी बाजारातल्या साध्या फ्रेमवाल्यालाही ठाऊक असतो: मधे माउंटचा पुठ्ठा घालायचा, म्हणजे काच आणि फोटो यांच्यात फट राहते. भिंतीलाच ओल असेल तर बिनकाचेचा फोटोही बुरशी धरणार.

उलट इंकजेटवर डाय शाईने (द्रवात विरघळलेल्या रंगाच्या शाईने) छापलेला फोटो उघडा ठेवला, तर हवेतला ओझोन त्याचा रंग खातो. अंगावर वारा जितका जास्त, तितकं हे लवकर घडतं. आता आपल्या घरात मार्चपासून मृग लागेपर्यंत कूलरचं तोंड कुठे असतं ते बघा. बाहेरची हवा कोरडीठक्क, कूलर लावला की खोली दमट, बंद केला की पुन्हा कोरडी. कागद रोज फुगतो, रोज आकसतो. त्यामुळे बिनकाचेचा फोटो लावायचा तर कूलरच्या झोतातली भिंत सोडायची आणि प्रिंट पिगमेंट शाईचा, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या शाईचा, मागायचा. छापणाऱ्याला शाई कोणती हे आधीच विचारून घ्यावं.

लॅमिनेशनने रंग टिकतो, यात थोडं तथ्य आहे. पापुद्रा वायू अडवतो, ओरखडे अडवतो, आणि चांगल्या प्रतीचा असला तर बरेचसे अतिनील किरणही. पण रंग नुसत्या अतिनील किरणांनी उडत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही उडतो. तो अडवला तर फोटो दिसणार कसा? शिवाय एकदा बसलेलं लॅमिनेशन फोटोला धक्का न लावता सहसा निघत नाही. पन्नासचा आकडा कागद, शाई आणि त्या भिंतीवरचा उजेड यांचा पत्ता नसताना सांगताच येत नाही.

सनबोर्ड म्हणजे फेसाळ पीव्हीसी. हलका, स्वस्त, कटरने सहज कापला जाणारा. लग्नाच्या हॉलबाहेरच्या स्वागत-बोर्डासाठी उत्तम. घरात वर्षानुवर्षं टांगायचा तर त्याची खोड कळायला हवी: तो उष्णतेने ॲल्युमिनियमच्या अडीच-तीन पट प्रसरण पावतो. डिसेंबरच्या पहाटे 15 अंश आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर 40 अंश धरले, तर तीन फुटांचा सनबोर्ड साधारण दीड मिलिमीटर वाढतो. वर चिकटवलेला कागद त्याच प्रमाणात वाढत नाही. मग कडा सुटतात, मधे फुगे येतात, किंवा सगळा बोर्ड पापडासारखा वळतो. फक्त पुढून लॅमिनेट केला असेल तर आणखी लवकर, कारण ताण एकाच बाजूने पडतो. म्हणून मोठ्या प्रिंटसाठी एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) घ्यावं. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तेच, पण कोरं आणि सपाट: मधे प्लास्टिक, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, जाडी 3 एमएम. महाग पडतं, पण वळत नाही. सनबोर्डच वापरायचा असेल तर आकार लहान ठेवा आणि मागच्या बाजूलाही तसाच पापुद्रा चढवून घ्या.

डबल टेपबद्दल फार बोलायला नको. आपल्याकडे कितीतरी भिंतींवर चुना किंवा डिस्टेंपर असतो. टेप धरते ती वरची भुकटी, भिंत नव्हे. गुळगुळीत ऑइलपेंटवर ती बरी बसते, पण उष्णतेने गोंद नरम पडतो आणि भर दुपारी फोटो खाली. एसीपीच्या मागे ॲल्युमिनियमची चौकट चिकटवून ती दोन स्क्रूंवर अडकवली, की फोटो भिंतीपासून बोटभर पुढे राहतो, मागून हवा खेळते आणि पावसाळ्यातली ओल थेट पोचत नाही. छोट्या प्रिंटला वर-खाली लाकडी पट्टी लावून दोरीने टांगलं तरी चालतं. त्यात गोंद लागतच नाही.

म्यूझियमचं म्हणाल, तर वोल्फगांग टिलमन्स हा जर्मन छायाचित्रकार 1990च्या दशकापासून बिनफ्रेमचे प्रिंट टेपने आणि क्लिपांनी भिंतीवर लावत आलाय, आणि 2000 साली त्याला टर्नर हा ब्रिटनमधला मानाचा कलापुरस्कारही मिळाला. पण तो सनबोर्डवर डकवत नाही. क्लिप काढली की कागद मोकळा. दुसरं टोक आंद्रेआस गुर्स्की या दुसऱ्या जर्मन छायाचित्रकाराच्या प्रचंड प्रिंटांचं. ते डायसेक पद्धतीने समोरून ॲक्रिलिकला सिलिकॉनने जोडलेले असतात. म्हणजे तिथे फोटोसमोर पारदर्शक तावदान आहेच, फक्त काचेचं नाही. ‘असंच लावतात’ हे दोघांनाही लागू होत नाही.

राहता राहिले जुने फोटो. आजोबांचा नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो सनबोर्डवर चिकटवणं म्हणजे तो कायमचा अडकवणं. बोर्ड वळला की फोटोही वळणार, आणि सोडवायला गेलं तर फाटणार. पीव्हीसी जुनं होताना त्यातून आम्लाची वाफ सुटू शकते, ती वेगळीच. असा फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा. मूळ प्रत आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा, स्लॅबखालच्या माळ्यावर नको. स्कॅनवरून हवा तेवढा मोठा प्रिंट काढा आणि तो खुशाल सनबोर्डवर चिकटवा. वळला तर दुसरा छापता येईल.