दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत किडनीचे तुकडे पोटात राहतात का?

माझ्या मोठ्या बहिणीच्या डाव्या मूत्रपिंडातली कर्करोगाची गाठ दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मूत्रपिंडासह काढायची ठरली आहे. चार दिवस उरले असताना तिच्या फोनवर एक संदेश आला आणि ती तारीख पुढे ढकलण्याच्या गोष्टी करू लागली. 'एवढ्याशा भोकांतून आख्खी किडनी निघेलच कशी? आत तुकडे करतात, निम्मे तिथेच राहतात आणि कॅन्सर पोटभर पसरतो,' असे त्यात ठासून सांगितले आहे.

त्या भोकांतून किडनी निघत नाही, आणि निघते असे कोणी म्हणतही नाही. ती भोके दुर्बीण आणि अवजारे आत घालण्यापुरतीच असतात. रक्तवाहिन्या बंद करून मूत्रपिंड सुटे केले की पोटातच ते एका पिशवीत घेतात, बटव्यासारखे तिचे तोंड आवळतात आणि सहसा ओटीपोटावर काही सेंटिमीटरचा छेद घेऊन पिशवीसकट अखंड बाहेर काढतात, कारण गाठ कुठवर पोचली होती हे तपासायला अवयव शाबूत लागतो. तुकड्यांची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. 1990 साली शल्यविशारद राल्फ क्लेमन यांनी अमेरिकेत अशी पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा तुकडे केले होते, पण बंद पिशवीच्या आत. संदेश लिहिणाऱ्याने नेमकी पिशवीच गाळली आहे.

'पोटात भरलेला गॅस विषारी असतो' हा दुसरा मुद्दा. तो कार्बन डायऑक्साइड असतो. बराचसा शेवटी बाहेर सोडतात, उरलेला रक्तात मिसळून श्वासावाटे जातो. खांदा एक-दोन दिवस दुखू शकतो.

'रोबोटने केली तरच सुरक्षित' म्हणावे, तर 2017 साली 'जामा' या नियतकालिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास पाहावा. 23,753 रुग्णांच्या त्या तुलनेत मोठ्या गुंतागुंतीचे प्रमाण रोबोटच्या गटात 3.5 टक्के आणि साध्या दुर्बिणीच्या गटात 3.8 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. रोबोटला वेळ आणि खर्च मात्र जास्त लागला.

कधी रक्तस्राव आवरत नाही म्हणून मध्येच पोट उघडावे लागते, हे खरे आहे, आणि गाठ फार मोठी किंवा महाशिरेत, म्हणजे हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत, शिरलेली असली तर बहुधा सुरुवातीपासूनच उघडी शस्त्रक्रिया करतात. पण तो निर्णय सीटी स्कॅन पाहून शल्यविशारदाने घ्यायचा असतो. बहिणीचा स्कॅन त्यांनी पाहिला आहे; संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेला नाही.