पेनड्राईव्ह काउंटरवर का लावला नाही: ताईंच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. मुलीच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रिंट काढायला तुम्ही सबमिशनच्या दिवशी सकाळी आमच्या प्रिंटच्या दुकानात आलात. काउंटरवरच्या मुलाने पेनड्राईव्ह लावायला नकार दिला, कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे रांगेत उभं केलं, त्यात २५ मिनिटं गेली. वर चार लोकांसमोर तो म्हणाला, "यात काय असेल सांगता येत नाही." तुम्ही विचारलंय, "घरी अँटीव्हायरसने तपासलेला माझा स्वतःचा पेनड्राईव्ह होता, आम्ही काय चोर आहोत का?"

त्याच्या बोलण्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. उशीर झाला तोही आमचाच दोष. सबमिशनच्या आठवड्यात एक मशीन पुरणार नाही हे मला आधी कळायला हवं होतं. पण काउंटरच्या कॉम्प्युटरला कोणाचाही पेनड्राईव्ह लावायचा नाही हा नियम माझा आहे, त्या मुलाचा नाही, आणि तो मी बदलणार नाही. त्याचं कारण त्या दिवशी तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला क्लासच्या बाकावर पेनड्राईव्ह सापडला. कोणाचा आहे बघू या, म्हणून तो घेऊन आला आणि मी स्वतः तो काउंटरवर लावला. ड्राईव्ह उघडलाच नाही. त्याऐवजी स्क्रीनवर एक काळी चौकट आली, कोणीतरी धडाधड टाइप करावं तशा ओळी उमटल्या आणि चौकट बंद झाली. कीबोर्डला कोणाचा हातही लागला नव्हता. मी इंटरनेटची वायर उपटली. नंतर ओळखीच्या एका इंजिनिअरने तीच वस्तू लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरतात ती सिस्टिम) वेगळ्या मशीनला लावून दाखवली. मशीनने तिची नोंद कीबोर्ड म्हणून केली. फाइल ठेवायला तिच्यात जागाच नव्हती.

त्या कॉम्प्युटरवर तेव्हा लोकांचे आधार, पॅन, मार्कशीट, शिष्यवृत्तीचे फॉर्म होते, दुकानाचं बँक खातं होतं. सगळं फॉरमॅट केलं, पासवर्ड बदलले आणि ज्यांची कागदपत्रं त्यात होती त्यांना एकेकाला फोन केले. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद माझ्या हातून उघडे पडले असतील, हे सांगताना तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो आठवडा मी विसरलेलो नाही.

आता तुमच्या अँटीव्हायरसबद्दल. यूएसबीला काहीही जोडलं की ती वस्तू स्वतःच सांगते, मी पेनड्राईव्ह आहे, मी माउस आहे, मी कीबोर्ड आहे. कॉम्प्युटर ते खरं धरतो. नवा कीबोर्ड लावल्या लावल्या चालावा म्हणून विंडोज सहसा परवानगीही मागत नाही. मग आतली चिप माणसाला जमणार नाही अशा वेगाने बटणं दाबते, आदेश द्यायची 'रन' नावाची खिडकी उघडते, आदेश लिहिते, एंटर मारते. ती बटणं तुम्ही दाबलीत की चिपने, हे कॉम्प्युटरला कळत नाही. अँटीव्हायरस फाइल तपासतो. इथे तपासायला फाइलच नसते. त्या आदेशाने पुढे काही डाउनलोड केलं तर तो कदाचित अडवेल, पण त्या 'कदाचित'वर मी लोकांचे कागद ठेवू शकत नाही.

आणि हे फक्त सापडलेल्या पेनड्राईव्हचं नाही. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मनीतल्या संशोधकांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत दाखवलं की साध्या पेनड्राईव्हच्या आतल्या चिपचा प्रोग्रॅमच बदलून त्याला कीबोर्ड बनवता येतं. असा पेनड्राईव्ह फॉरमॅट केला तरी तो प्रोग्रॅम तसाच राहतो. वरून बघून मला तुमचा आणि तसला यातला फरक ओळखता येत नाही, म्हणून माझ्या सख्ख्या भावाचा पेनड्राईव्हसुद्धा कोपऱ्यातल्या मशीनलाच लागतो. त्या मशीनला इंटरनेट नाही, प्रिंटर थेट जोडलेला आहे, आणि त्यातला यूएसबीगार्ड नावाचा प्रोग्रॅम फक्त साठवणीची वस्तू आत घेतो. पेनड्राईव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणाला की हा प्रोग्रॅम त्याला जागच्या जागी नाकारतो.

तुमचं एक वाक्य वाचून मला जास्त काळजी वाटली: "आमच्या पतसंस्थेत सगळे सर्रास लावतात, कधी काही झालं नाही." ताई, पतसंस्थेत ठेवीदारांचा पैसा असतो. अमेरिकेत २०२० मध्ये एफबीआयने इशारा दिला होता की फिन७ ही सायबर गुन्हेगारांची टोळी कंपन्यांना टपालाने असे यूएसबी पाठवते, सोबत गिफ्ट कार्ड, कधी टेडी बेअरसुद्धा. लावला की तो कीबोर्ड व्हायचा. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राईव्ह टाकून ठेवले, तर त्यातल्या किमान ४५ टक्क्यांमधल्या फाइल लोकांनी उघडल्या. म्हणजे उचलून लावणं हा माणसाचा स्वभावच आहे, तुमच्याकडचे लोक वेगळे नसणार.

तुमच्या सिस्टिमवाल्यांना एवढं नक्की विचारा: उद्या पेनड्राईव्ह बंद केले, तरी नवा कीबोर्ड जोडला तर चालेल का? पुष्कळ ठिकाणी फक्त साठवण बंद असते आणि हा दरवाजा उघडा राहतो. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत (ऑफिसच्या कॉम्प्युटरना नियम लावायची जागा) ठरवलेल्या यादीबाहेरचं कुठलंही उपकरण बसू न देण्याची सोय आहे. रोजचं काम ॲडमिनच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, खात्यातून करू नका. खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबून स्क्रीन लॉक करा; लॉक स्क्रीनवर त्या चिपला पासवर्डशिवाय फारसं काही करता येत नाही. चार्जिंगच्या केबलमध्येही अशी चिप बसवलेली असू शकते, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाचा मोबाईल कॉम्प्युटरला लावत नाही, भिंतीवरचा चार्जर देतो.

सोमवारपासून कोपऱ्यात दुसरं मशीन सुरू होतंय. ईमेल आणि व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली तर रांग नाही, हा बोर्ड आता आत नाही, दाराबाहेर लावलाय. काउंटरवरच्या मुलाशी मी बोललो आहे. तुम्ही आलात की तो स्वतः माफी मागेल.

तुमच्या रिपोर्टची तिसरी प्रत घाईत स्पायरल करायची राहिली होती. ती करून काउंटरवर ठेवली आहे, त्याचे पैसे द्यायचे नाहीत.