जिद्दीचं ठीक आहे, पण पाण्यात कुणी उतरवलं?

पेठ नाका जवळ आला की निम्मी एसटी उठून उभी राहते. इस्लामपूरला जाणारे, सांगलीला जाणारे, सगळे इथंच उतरतात. (इस्लामपूरचं आता ईश्वरपूर झालंय, पण आमची जीभ अजून वळलेली नाही.) माझं या नाक्यावरून वर्षानुवर्षं येणं-जाणं. तरीही मुरलीकांत पेटकर याच पेठचे, हे मला कळलं २०१८ साली, त्यांना पद्मश्री मिळाल्याची बातमी वाचून. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण त्यांचं. तेही १९७२ सालचं!

२०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला आणि सगळ्यांची स्टेटस भरली. जिद्द, जिद्द आणि जिद्द. आता या शब्दाचा मला जरा राग यायला लागलाय. का, ते सांगतो.

पेटकर लष्कराच्या ईएमईमधले, म्हणजे गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या शाखेतले जवान. बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. पुढं १९७२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह. पाय साथ देत नसताना, हातांच्या जोरावर. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला त्यानंतर ३६ वर्षं गेली.

आपण गोष्ट सांगतो ती अशीच. गोळी लागली, मग पदक मिळालं. मधली सात वर्षं एका ओळीत जातात. खरी गोष्ट त्या सात वर्षांत आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथं उपचार चालू असताना फिजिओथेरपिस्टनं त्यांना पोहायला सुचवलं. म्हणजे असा सल्ला देणारं कुणीतरी तिथं होतं. चालता न येणाऱ्या माणसाला पाण्यापर्यंत नेणारी, आत उतरवणारी, बाहेर काढणारी माणसं लागतात. १९६८ मध्ये ते तेल अवीवला टेबल टेनिस खेळून आले, १९७० मध्ये एडिनबरोला जाऊन पदकं घेऊन आले. या प्रवासांची तिकिटं कुणीतरी काढली असणार. जिद्द त्यांची होतीच, त्याबद्दल शंका घेणारा मी कोण? पण नुसत्या जिद्दीवर माणूस तलावाच्या काठापर्यंतसुद्धा पोचत नाही.

'जिद्द' म्हटलं की आपली सुटका होते. सगळं त्या माणसावर ढकलता येतं. जो उभा राहिला त्याचा फ्लेक्स, आणि जो नाही राहिला त्याच्यात ती नव्हती बहुतेक! पुण्यात खडकीला कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथं वर्षानुवर्षं राहिलेल्या जवानांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? मला एकही सांगता येणार नाही. त्यांच्याही अंगात गोळ्या शिरल्या होत्या.

(पदक मिळवूनही फार फरक पडतो असं नाही म्हणा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ चं कांस्य घेऊन आले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो गेल्यावर. पेटकरांना निदान डोळ्यांदेखत मिळाला, जानेवारी २०२५ मध्ये. आमच्या पट्ट्याला उशिराची सवय आहे.)

हे सगळं आज लिहायचं कारण आमचे तात्या.

तात्या माझे चुलते. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिमेच्या आघाडीवर सुरुंगानं डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथं पाय बसवला. गावाकडं त्याला सगळे 'जयपूर फूट' म्हणतात, तात्या दरवेळी सांगतात, "जयपूरचा न्हाई, वानवडीचा हाय." पाय बदलायची वेळ आली की पुण्याला जायचं हे घरातलं ठरलेलं काम. संध्याकाळी पाय काढून पलंगाखाली ठेवायचा आणि खुंटावर खोबरेल चोळत बसायचं, हे मी लहानपणापासून बघतोय. युद्धाबद्दल विचारलं तर थंडीबद्दल बोलतात. लढाई झाली जेमतेम दोन आठवडे, आणि हा पाय ते पन्नास वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी चढवतायत. शाळेत १५ ऑगस्टला बोलावतात तेव्हा मात्र पोरांना ते दोन आठवडेच हवे असतात. तात्या दोन वाक्यं बोलतात आणि खाली बसतात, सरांची जराशी निराशा होते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्यांना बँकेत घेऊन गेलो. कुठली बँक ते जाऊ द्या. हल्ली मोबाइलवर होतो दाखला, पण तात्यांना साहेबासमोर उभं राहूनच जिवंत असल्याचं सांगायचं असतं. बाहेर सात पायऱ्या. शेजारी रॅम्प आहे, नव्या नियमानं बांधलेला, स्टीलच्या दांड्यासकट. त्यावर ओळीनं पाच मोटारसायकली. एकीच्या टाकीवर ठळक अक्षरांत 'जय जवान'.

मी आवाज चढवणार एवढ्यात दारावरचा सिक्युरिटीवाला खाली आला. पन्नाशीचा असेल. तात्यांच्या चालीकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "राम राम साब. पलटन?"

तात्यांनी सांगितली. तोही फौजेतलाच निघाला, सतरा वर्षांची नोकरी. पुढं काही न बोलता त्यानं एकेक गाडी मागचं चाक उचलून सरकवायला सुरुवात केली. मी हात लावला. तिसऱ्या गाडीला तिचा मालक पळत आला, "ओ, ओरखडा पडंल!" म्हणून. सिक्युरिटीवाल्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रॅम्प मोकळा झाला. वळून बघतो तर तात्या पायऱ्या चढून वर पोचलेले. दांड्याला धरून दम खात होते.

"अहो तात्या, थांबायचं की जरा!"

"तुमचं गाड्याचं चाललंय तवर," तात्या म्हणाले, "बँकेची जेवायची सुट्टी हुईल."

उतरताना मात्र रॅम्पवरूनच आले. तोवर दोन गाड्या परत लागल्या होत्या, मधनं एक माणूस जाईल एवढी जागा होती.