बॉक्स गेला नव्हता, त्यात भरलेला पत्ता जुना होता

गणपतीला कराडला गेलो तर आईने दारातच सांगितलं, "टीव्हीवरचं यूट्यूब तीन आठवडे झाले बंद आहे. माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, सेट-टॉप बॉक्सच गेलाय, नवीन घ्या."

चॅनल सगळे लागत होते. ते डिशवरून येतात, त्यांना नेट लागत नाही. पण आईची संध्याकाळची कीर्तनं यूट्यूबवर असतात आणि त्याला नेट हवंच. त्याच वायफायवर माझा फोन मात्र झकास चालत होता.

रिमोट घेतला आणि सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क उघडलं. वायफायच्या नावाखाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. आणखी आत गेलो तर आयपी सेटिंग्जपुढे, म्हणजे बॉक्सच्या नेटवर्कवरच्या पत्त्यापुढे, 'स्टॅटिक', म्हणजे हाताने भरलेला, न बदलणारा. बॉक्सचा पत्ता १९२.१६८.१.५०, गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१. फोनचा पत्ता पाहिला, तो १९२.१६८.० ने सुरू होत होता. तिथेच उलगडा झाला.

तीन आठवड्यांपूर्वीच फायबरवाल्याने राउटर बदलला होता. घरातल्यांना त्रास नको म्हणून वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले. त्यामुळे फोन आणि बॉक्स दोन्ही आपोआप जोडले गेले. फोनने नव्या राउटरकडून नवा पत्ता मागून घेतला. बॉक्सला मात्र पूर्वी कुणीतरी हाताने पत्ता भरून दिलेला, म्हणून तो जुन्याच राउटरचं दार ठोठावत बसला. त्या दारामागे आता कुणी राहत नाही.

'स्टॅटिक' बदलून 'डीएचसीपी' केलं, म्हणजे पत्ता राउटरकडून आपोआप घ्यायचा, आणि सेव्ह केलं. दोन मिनिटांत कीर्तन सुरू.

मला राग आला तो इथे. या दोन मिनिटांसाठी आईने तीन आठवडे वाट पाहिली, माणसाला व्हिजिटचे पैसे दिले, आणि मी गेलो नसतो तर चांगला चालणारा बॉक्स भंगारात गेला असता. बॉक्स गेला म्हणण्याआधी नेटवर्कचं पान उघडून बघायलाच हवं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, हे तिथल्या तिथे कळतं. बॉक्सची तारीख-वेळ चुकली असेल तरीही ॲप उघडत नाहीत, तेही बघावं.

आणि मुळात घरच्या बॉक्सला हाताने पत्ता भरायचाच कशाला? कायमचा एकच पत्ता हवा असेल तर राउटरमध्ये त्या बॉक्सचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून तो राखून ठेवता येतो, बॉक्सला हात लावावा लागत नाही. भरलाच असेल तर निदान घरच्यांना कागदावर लिहून द्या. घर त्यांचं, टीव्ही त्यांचा, आणि आत काय भरलंय हे त्यांनाच माहीत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

बॉक्स बनवणाऱ्यांनाही सांगायचंय. 'नो इंटरनेट' एवढं वाचून माझ्या आईने काय करायचं? 'राउटरचा पत्ता जुळत नाही, आपोआप घेऊ का?' असं मराठीत विचारलं असतं तर तिने 'हो' दाबलं असतं. ती बँकेचं ॲप स्वतः वापरते.

निघायच्या आदल्या रात्री तिने माझ्याकडून सगळं पायरीपायरीने वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि पुन्हा राउटर बदलला तर?"

"अगं, नाव-पासवर्ड हेच ठेवले तर काहीच करायचं नाही. आता तो नवा पत्ता आपला आपणच मागून घेईल."

तिने तेही लिहून ठेवलं.