जामीन आणि जमीन, एका कान्याचा फरक

बुधवारी दुपारी सव्वाबारा वाजता माझ्या दादाचा जामीन मंजूर झाला आणि दादा घरी आला पुढच्या मंगळवारी. मधले सहा दिवस तो आत कशासाठी होता, हे मला कुणीतरी सांगावं. पोलिसांची चौकशी संपली होती. न्यायाधीशांनी सोडा म्हणून लिहून दिलं होतं. तरी माणूस आत. का, तर जामीनदाराचा उतारा पटेना.

भांडण काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर वाटेल आम्ही कुठं दरोडा घातला. बांधाचं भांडण. शेजारी दरवर्षी वीतभर बांध कोरतो, यंदा हातभर कोरला. दादा गवत कापत होता, तसाच बोलायला गेला. बोलणं वाढलं, ढकलाढकली झाली, शेजाऱ्याच्या दंडाला दोन टाके पडले. दादाच्या हातात कोयता होता, म्हणून फिर्यादीत कोयता आला. कोयता आला की कलम बदलतं आणि कलम बदललं की ठाण्यावरनं सुटायचं दार बंद. उचललं शनिवारी संध्याकाळी. शनिवारीच उचलतात, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवा, असं सुप्रीम कोर्टानं अर्नेशकुमारच्या निकालात 2014 साली सांगून ठेवलंय. 1 जुलै 2024 पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्यातही 35 व्या कलमात ते आहे. हे मला कधी कळलं? दादा आत गेल्यावर तिसऱ्या रात्री, मोबाइलवर वाचून. शनिवारी कळलं असतं तरी काय उपयोग झाला असता म्हणा. ठाण्याच्या पायरीवर उभं राहून कलमं सांगणाऱ्याला चहा पाजत नाहीत.

तर बुधवारी ऑर्डर झाली. 50,000 चा जातमुचलका, म्हणजे दादाची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक ऐपतदार जामीनदार. दर रविवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. आई कोर्टाच्या व्हरांड्यात रडायला लागली, आनंदानं. मी घरी फोन करून सांगितलं की दादा सुटला, संध्याकाळी येतोय, भात जरा जास्त टाका. वकील माझ्याकडं बघत होते. म्हणाले, ‘सुटला नाही गा अजून. जामीन झालाय.’

हा फरक मला 34 व्या वर्षी कळला.

इंग्रजी सिनेमात बघितलेलं असतं, अमेरिकेत जामिनाची दुकानंच असतात. साधारण दहा टक्के पैसे भरायचे, दुकानदार जामीन राहतो, ते पैसे परत मिळत नाहीत, पण माणूस बाहेर येतो. आपल्याकडं असला धंदा कायद्यात बसत नाही. आपल्याकडं 50,000 म्हणजे आज 50,000 भरायचे असंही नाही. कुणीतरी ऐपतदार माणूस लिहून देतो, की हा तारखेला हजर राहील, नाही राहिला तर एवढी रक्कम मी सरकारात भरीन. ऐपत दाखवायला बहुतेक जमिनीचा उतारा. रोख भरून सुटायची सोय कायद्यात आहे, पण कोर्टानं परवानगी दिली तर, आणि खिशात 50,000 असले तर. आमची रताळी अजून जमिनीत होती.

गुरुवारी सकाळी मामा आला. आम्ही बेळगावाकडचे, म्हणजे कर्नाटकात. मामाचं गाव शिनोळीच्या पलीकडं, चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्रात. आमच्या शेतातनं त्याच्या गावच्या देवळाचं शिखर दिसतं. आईचं माहेर तिकडं, थोरल्या बहिणीचं सासर तिकडं, आमची म्हैससुद्धा तिकडची. मधे कुठंतरी दोन राज्यांची एक रेघ आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला ओढली. महाजन आयोगानं 1967 साली तिच्यावर अहवाल दिला, 2004 पासून तिचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि म्हशीला ती आजतागायत दिसलेली नाही. मामा एसटीतनं आला. हातात साखरेच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कोऱ्या फायलीत घातलेला सातबारा. डिजिटल सहीचा, 15 रुपये भरून काढलेला, चौकोनी कोडसकट. तीन एकर, एकट्याच्या नावावर, बोजा निरंक. पाऊस होता म्हणून त्यानं ती पिशवी सदऱ्याच्या आत पोटाशी धरून आणली होती. त्याचा सदरा भिजला होता, कागद कोरडा होता.

कारकुनानं वरची ओळ बघितली आणि कागद परत सरकवला. महाराष्ट्र. बाहेरच्या राज्याचा चालत नाही.

मामानं विचारलं, ‘साहेब, माझी जमीन खोटी आहे काय?’ कारकुनाला मराठी येतं, चांगलं येतं, तो आमच्याच भागातला. पण टेबलामागं बसला की त्याला येत नाही. उत्तर कानडीत आलं, आणि त्यातलं मामाला एकच कळलं: ‘इल्ला’, नाही.

आता ऐका. 1978 साली हीच भानगड सुप्रीम कोर्टात गेली होती. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी. कोर्टानं 10,000 चा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते असं झाडलंय की वाचताना गार वाटतं. जिल्ह्यातलाच जामीनदार पाहिजे हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं विचारलंय, आणि गवंड्याला त्याच्या स्वतःच्या 1,000 रुपयांच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलंय. त्या निकालात असाही प्रश्न आहे, की एखादा मल्याळी, कानडी, तमिळ नाहीतर तेलुगू माणूस बस्तरात पकडला गेला तर त्यानं तिथला जमीनवाला जामीनदार आणायचा कुठनं? म्हणजे बस्तरात सापडलेल्या कानडी माणसाची काळजी दिल्लीनं 1978 सालीच करून ठेवलीय. आमचा मामा हाकेच्या अंतरावर राहतो, त्याचं काय? परत 31 जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका लांबते, अशा वेळी ती अट घालू नये. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात मुचलका देता आला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करायचा विचार करायचा, हेही त्यातच आहे.

मी हे सगळं वकिलांना मोबाइलवर दाखवलं. त्यांना राग आला नाही, हसले. म्हणाले, ‘मला ठाऊक आहे रे. स्थानिकाची अट काढून घ्यायची तर अर्ज करू. अर्जावर सरकारी वकिलांचं म्हणणं येणार, मग तारीख पडणार. तोवर दुसरा जामीनदार सापडेल की.’ यालाच आमच्याकडं हक्क म्हणतात. हक्क आहे, पण तो मागायला गेलं की आणखी चार दिवस आत.

शुक्रवारी धाकटा काका. काका कर्नाटकातला, उतारा कर्नाटकातला, आता तर अडचण नाही? उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण वारसा लागला नाही, कारण पोडी, म्हणजे मोजून हिस्से पाडणं, झाली नाही, कारण भाऊ एकत्र बसले नाहीत, कारण... ते सोडा, ते आमचंच दुखणं आहे. आतेभावाचा उतारा काढला तर त्यावर सोसायटीचं कर्ज. बोजा असला तरी चालतो म्हणे एखाद्या वेळी, आज नाही चालला.

मग गाव पालथं घातलं. गंमत बघा, सीमाप्रश्नाच्या आंदोलनात कुणाला धरलं की जामीन राहायला आमच्याकडं चढाओढ लागते. बांधाच्या भांडणाला जामीन राहायचं म्हटल्यावर अख्ख्या गावाच्या गुडघ्यात दुखायला लागलं. एकजण म्हणाला, उतारा सापडत नाही. एकजण म्हणाला, पोरगं बंगळुरात असतं, त्याला विचारतो. एकाच्या बायकोनं दार अर्धवट उघडून सरळ सांगितलं, ‘आमची जमीन जप्त करून घेऊ काय तुमच्यापायी?’ मला तिचा राग आला नाही. तिला कुणी नीट सांगितलंच नाही, की जामीन राहिलं म्हणून लगेच जमीन जात नाही. आरोपी पळाला तर मुचलका जप्त होतो, मग जामीनदाराला नोटीस येते, दंड का लावू नये ते सांगायची संधी मिळते, दंड कमी करायचा अधिकारही कोर्टाला आहे. आणि जमत नसेल तर जामीनदाराला मधेच अर्ज करून मोकळंही होता येतं. पण पैसे भरलेच नाहीत तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हेही खरं. ती भीती हवेतली नाही. दुसऱ्याच्या पोराच्या पायाला आपली जमीन बांधायची म्हटल्यावर कोण हो म्हणेल?

याच दरम्यान एकजण भेटला. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या टपरीवर, पांढरा सदरा, काखेत रेक्झिनची बॅग. ‘जामीनदार पाहिजे काय?’ हे त्यानं मराठीत विचारलं, शुद्ध. सहा हजार. उतारा तयार, आधार तयार, फोटो तयार, आजच्या आज. मी विचारलं, हा जामीनदार आमच्या दादाला ओळखतो काय? तो हसला. कायद्यानं जामीनदाराला लिहून द्यावं लागतं, की याआधी किती जणांना जामीन राहिलोय, कुणाकुणाला. त्याच नव्या संहितेचं 486 कलम. त्या रेक्झिनच्या बॅगेतला माणूस किती जणांना जामीन राहिला असेल हे त्याच्या आईलाही सांगता येणार नाही. आणि आमचा मामा, ज्यानं दादाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो बाहेरचा!

खोटं कशाला बोलू, सहा हजार काढून द्यावेसे वाटले होते. आई म्हणाली, नको. उद्या तो बॅगवाला पकडला गेला तर दादा परत आत. बरोबर होतं तिचं.

शनिवार दुसरा, सुट्टी. रविवार तर रविवारच. जेलमध्ये सुट्टी नसते हे फक्त आतल्याला ठाऊक.

आमच्या कर्नाटकात पूर्वी खेड्यापाड्यांत दारावर ‘नाळे बा’ लिहायचे. म्हणजे उद्या ये. रात्री भूत दार वाजवायला येतं, वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं, पुन्हा वाचतं. ते भूत म्हणजे आम्ही. फक्त आम्हाला जरा मानानं सांगतात, ‘नाळे बन्नी’.

रविवारी रात्री आबा, म्हणजे माझे वडील, एकटेच घरातनं बाहेर पडले. पलीकडच्या गल्लीत एक जण आहेत, 28 गुंठे, स्वतःच्या नावावर, कर्ज नाही, पोडी झालेली. आमच्यात आणि त्यांच्यात जाणंयेणं नाही, कारण जुनं आहे, सांगण्यासारखं नाही. मी मागनं गेलो होतो, आबांना ठाऊक नव्हतं. आबांनी त्यांच्या उंबऱ्यात टोपी काढली आणि वाकले. आबा 71 वर्षांचे आहेत. मी त्यांना देवासमोर सोडून कुठं वाकलेलं बघितलं नव्हतं. मी तसाच मागं फिरलो.

सोमवारी ते गृहस्थ आले. उतारा, आधार, फोटो, घरपट्टीची पावती, जमिनीच्या किमतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र. सगळे फॉर्म कानडीत, वकिलांनी एकेक ओळ मराठीत सांगितली तेव्हा त्यांनी सही केली. साहेबांनी दोन प्रश्न विचारले: आरोपीला ओळखता काय? तारखेला आणाल काय? तीन मिनिटं. तीन मिनिटांचं काम होतं हे! कागद मंजूर व्हायला साडेचार वाजले, सुटकेचा आदेश टाइप होऊन सही व्हायला सव्वापाच, तो जेलला पोहोचेपर्यंत आतली मोजणी झालेली. उद्या या. जामिनाची ऑर्डर ईमेलनं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जेलला पाठवा, असं सुप्रीम कोर्टानं 2023 सालीच सांगितलंय. पण दार उघडतं सुटकेच्या आदेशावर, आणि आमचा आदेश स्कूटरवरनं गेला.

वकिलांची फी सोडून 11,400 रुपये गेले. झेरॉक्स, नोटरी, स्टॅम्प, भाडी, चहा, आणि ज्याची पावती नसते ते. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर असतो, माझे सात खाडे झाले ते वेगळेच. जामिनाची रक्कम भरमसाट असू नये असं संहितेचं 484 कलम म्हणतं. रक्कम नव्हतीच भरमसाट. ती रक्कम कुणी मागितलीच नाही. मागितला तो कागद, आणि तोही रेघेच्या या बाजूचा.

मंगळवारी सकाळी दादा बाहेर आला. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, त्याची एक आत कुणीतरी नेली. घरी येऊन भात खाल्ला आणि पहिलं विचारलं ते बांधाचं. बांध अजून कोरलेलाच आहे.

मामाचा सातबारा आमच्याच कपाटात आहे, त्याच पिशवीत. न्यायला विसरला. पुढची तारीख 18 ला आहे. जामीनदार गृहस्थ दर तारखेच्या दोन दिवस आधी फोन करतात, दादाला नाही, आबांना. काल रात्री जेवताना आला. आबा ताटावरनं उठून उभे राहिले आणि मग फोन घेतला. ‘येतोय न्हवं पोरगा?’ एवढंच विचारतात.

‘येतोय, मालक.’

मालक. 28 गुंठ्यांचे.