पहिल्या जहाजाला ‘छान’ का म्हटलं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ठाण्याच्या एका तरुणाने बांधलेल्या पहिल्या मॉडेलचे, ‘एन्डेव्हर’ या जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीचे, फोटो मी इथे टाकले आणि खाली ‘सुंदर काम, थांबू नकोस’ असं लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळच्या, फळ्या एकमेकींवर चढल्या आहेत, रॅटलाइनींमधलं, म्हणजे डोलकाठीवर चढायच्या दोरीच्या पायऱ्यांमधलं, अंतर भलतंच आहे, आणि अशा कामाला चांगलं म्हणत राहिलं की या छंदाची पातळीच घसरते, असं तुमचं म्हणणं. बत्तीस वर्षं गोदीत काढलेल्या माणसाने हे लिहिलंय, म्हणून नीट उत्तर देतो.

दोन्ही चुका खऱ्या आहेत आणि मलाही त्या दिसल्या होत्या. पण त्या एका जातीच्या नाहीत.

आधी नाळ. कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ हे मुळात १७६४ साली इंग्लंडमध्ये व्हिटबीला बांधलेलं कोळसावाहू जहाज. पोटात भरपूर माल मावावा म्हणून ते पुढून चांगलंच गोल आणि बोथट आहे. मॉडेल करणाऱ्याला हाच आकार सगळ्यात जड जातो. समजा, जहाजाच्या मध्यावर कण्यापासून (तळाच्या मधल्या तुळईपासून) डेकपर्यंतचा घेर १०० मिलिमीटर आहे. तिथे ५ मिलिमीटरच्या २० फळ्या बरोबर बसतात. नाळेशी तो घेर ६० वर येतो, फळ्या मात्र २० च. म्हणजे प्रत्येक फळी पुढे ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती तासून घ्यायला हवी. न तासता चेपून बसवली, तर ती ऐकत नाही. फळी जाडीच्या अंगाने हवी तशी वाकते, रुंदीच्या अंगाने नाही. जबरदस्ती केली की तिची एक कड उचलली जाते. फोटोत तुम्हाला दिसल्या त्या याच कडा. आणि फळी निम्म्याहून अरुंद करायची पाळी आली, तर आणखी तासत बसू नये, दोन फळ्यांच्या पुढे एकच फळी न्यावी.

त्यातही मूळ दुखणं बहुधा पहिल्याच फळीत असतं. कण्याला लागून बसणारी फळी नवखा माणूस हौसेने पार नाळेवर चढवतो. मग वरच्या सगळ्यांची जागा तीच खाते.

पण हे सगळं मी त्याला केव्हा सांगणार होतो? फोटो माझ्याकडे आले तेव्हा सांगाडा पूर्ण मढवून, गोंद वाळून, दोन डोलकाठ्या उभ्या होत्या. पाण्याखालचा भाग या मॉडेलवर पांढरा रंगवतात. फटींत लांबी (पुट्टी) भरून, घासून रंग दिला की निम्मी चूक झाकली जाईल. उरलेली निम्मी त्याच्या पुढच्या जहाजाच्या कामाची आहे, आणि ते पुढचं जहाज व्हायला हवं.

हे मी स्वतःवरून सांगतोय. माझं पहिलं जहाज मी एका जाणत्या माणसाला दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. ‘पाण्यात टाकलंस तर बुडेल,’ एवढंच म्हणाले. सहा वर्षं मी लाकडाला हात लावला नाही. पुढे दुसऱ्या एका गृहस्थांनी तेच जहाज खिडकीशी नेऊन उजेडात फिरवलं आणि विचारलं, ‘पहिली फळी कुठून सुरू केलीस?’ त्या प्रश्नाने मला नाळ कळली. चूक दोघांनाही दिसली होती. मी आज जहाजं बांधतोय ते त्या दुसऱ्या गृहस्थांमुळे.

तुम्ही विचारलंत, मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या गोदीत अशी फळी खपली असती का? नसती खपली. पण लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले १७३६ मध्ये, आणि त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली १८१७ मध्ये. सागाची ती फ्रिगेट (युद्धनौका) आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून पाण्यावर तरंगते. मधली ऐंशी वर्षं त्या घरात एका पिढीचा हात पाहून दुसरीचा हात घडत होता. या मुलाकडे चौदा महिने होते, एक किट होतं, आणि रात्री दहानंतर रिकामं होणारं स्वयंपाकघरातलं टेबल. तेवढ्यात त्याने बोथट नाळेचं जहाज पुरं करत आणलं. ‘सुंदर’ हा शब्द मी मागे घेत नाही.

रॅटलाइनींच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. तिथे मी बोलायला हवं होतं, कारण तिथे अजून वेळ होती. खऱ्या जहाजावर या दोरांच्या पायऱ्यांमध्ये १३ ते १५ इंचांचं अंतर असे. १:६० च्या मापाला ते सुमारे ६ मिलिमीटर येतं. त्याने १० ठेवलंय, म्हणजे त्या शिडीवर खलाशाला दर पावलाला ६० सेंटिमीटर चढावं लागलं असतं. उपाय सोपा आहे: ६ मिलिमीटरवर रेघा मारलेला कागद तणाव्यांच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या उभ्या दोरांच्या, मागे अडकवायचा, दर पाचवी दोरी आधी बांधायची, मग मधल्या भरायच्या. गाठ आवळताना हात हलका ठेवायचा, नाहीतर तणावे आत ओढले जाऊन शिडीला कंबर येते. हे मी गप्प राहून त्याच्यापासून लपवलं, त्याला प्रोत्साहन म्हणता येणार नाही.

काल त्याला हे सगळं कळवलं, रेघांचा कागदही पाठवला. मागची डोलकाठी अजून मोकळी आहे, तिथे तो या मापाने बांधेल. पुढच्या दोन्हींच्या सोडून पुन्हा बांधायच्या का, ते त्याचं त्याने ठरवावं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तणाव्यावरची क्लोव्ह हिच ही गाठ त्याला जमत नाहीये, ती घसरते. तुमचे हात ती झोपेतही बांधतील. दोन ओळी त्याच्यासाठी इथेच खाली लिहा, तो वाचतो.